टोकलं की पुन्हा पहिल्यापासून

आमच्याकडं घरातून निघालेल्या माणसाला मागून काही विचारत नाहीत. ‘कुठं चाललास’ तर नाहीच नाही. कुणी विसरून विचारलंच, तर निघालेला माणूस परत फिरतो, चपला काढतो, ओसरीवर बूड टेकतो, घोटभर पाणी पितो आणि मग नव्यानं निघतो. उदगीरहून देवणीकडं जाताना आमचं गाव लागतं. या गावातली माणसं एसटी चुकवतील, पण टोकल्यावर तशीच पुढं जाणार नाहीत. त्यातही सगळ्यांत कडक माझे चुलते, शेषेरावकाका. तुरीची पोती घेऊन निघालेला ट्रॅक्टर त्यांनी एकदा वेशीजवळ उभा केला होता, कारण पारावरून कुणीतरी ‘उदगीरला का ओ?’ म्हणून आवाज दिला. काका इंजिन बंद करून पायी घरी आले, पाणी प्याले, पायी परत गेले. तोवर ट्रॅक्टरमागं दोन टमटम आणि एक म्हशींचा कळप खोळंबला होता. कुणी तक्रार केली नाही. टोकलं होतं म्हटल्यावर तक्रार कसली.

गीतांजली ही त्यांची मुलगी. आम्ही धाकटी भावंडं तिला गीताक्का म्हणतो. कर्नाटक इथून इतकं जवळ की अक्का-आप्पा हे शब्द कधी येऊन राहिले, कुणाला कळलंही नाही. गीताक्का मालवणला असते. समुद्राखाली जाऊन मासे आणि प्रवाळ मोजणाऱ्या एका पथकात ती काम करते. गावात मात्र तिच्या कामाचं नाव अजून नीट बसलेलं नाही. कुणी म्हणतं ती बोटीवर आहे, कुणी म्हणतं मत्स्य खात्यात आहे. केवळाकाकू, म्हणजे तिची आई, सरळ सांगते, ‘पान्याखाली जाऊन मासे मोजून राहिली. मोजून झाले की वर येती.’

तिला पाण्यात सोडलं ते काकांनीच. शेतातली विहीर मोठी आहे, काळ्या दगडात बांधलेली. एका अंगानं पायऱ्या उतरतात आणि पाणी पाच परस. परस म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. अशी पाच माणसं एकावर एक उभी केली तर सगळ्यांत वरच्याची बोटं जेमतेम पाण्याबाहेर येतील. पाठीला तेलाचा रिकामा कॅन बांधून गीताक्का त्या पाण्यात पहिल्यांदा उतरली तेव्हा तिला शाळेचं दप्तर नीट उचलत नव्हतं. वर्षभरात कॅन सुटला. मग तळाचा गाळ मुठीत धरून वर आणायचा नाद लागला. आमच्या विहिरीवर तोच खरा इम्तिहान होता. गाळ आणला तर तळ गाठला, नाहीतर नुसत्या गप्पा.

ती खाली असताना काका काठावर उकिडवे बसून पाण्याकडं बघत राहायचे. पाण्यावर बुडबुडे फुटायचे, आणि ते हलकेच मान हलवायचे. ‘बुडबुडे येतात तवर पोरगी आपली हाय,’ असं ते म्हणत. वर येऊन गीताक्का मूठ उघडायची. काळा, थंड, जुन्या पानांचा वास असलेला गाळ. काका त्यात बोट बुडवून बघायचे, दुकानात डाळ बघावी तसे, आणि म्हणायचे, ‘हाव, तळाचाच हाय.’

तेव्हाची गीताक्का म्हणजे न विचारता उडी. विहिरीवरच्या मोटारीच्या चौथऱ्यावरून, बाभळीच्या फांदीवरून, एकदा तर शाळेच्या गणवेशातच. केवळाकाकू वरून ओरडायची, ‘अहो, पोरीला मानूस राहू द्या, मासा करू नका.’

पुढं कॉलेजला ती नांदेडला गेली. तिथं पोहण्याचा तलाव होता. पाणी निळं, तळाच्या फरशीवर काळे पट्टे. पहिले काही दिवस ती नाराजच होती. म्हणायची, तळ वरूनच दिसत असेल तर जायचं कशाला. तरी तिनं विद्यापीठाची पदकं आणली. तिथंच तिला आनंदराज भेटला. तोही गोदावरीत पोहून मोठा झालेला, बोलायला कमी, हसायला उशीर करणारा. दोघंही शिकायला किनाऱ्यावर गेले, तिथंच रमले. आधी सहलीला आलेल्यांचा हात धरून त्यांना पाण्याखालचे मासे दाखवायचं काम होतं. मग हे मोजणीचं पथक मिळालं आणि त्याबरोबर ते यंत्र.

त्या यंत्राला रिब्रीदर म्हणतात. साध्या टाकीनं पाण्याखाली गेलेला माणूस श्वास सोडतो आणि तो बुडबुडे होऊन वर निघून जातो. बुडबुड्यांच्या खळखळाटानं मासे पळतात. रिब्रीदरमध्ये सोडलेला श्वास बाहेर जात नाही. तो नळीतून पाठीवरच्या डब्यात जातो. डब्यात चुन्यासारखे दाणे असतात, ते श्वासातला वाईट वायू शोषून घेतात. मग छोट्या टाकीतून ऑक्सिजनची भर पडते आणि तोच श्वास पुन्हा तोंडाशी येतो. केवळाकाकूला हे सांगताना गीताक्कानं तिच्या पानाच्या डब्यातली चुन्याची डबी उचलली होती.

‘हा चुना आणि तो चुना, चुलतभाऊ समज.’

‘मंग पान खाऊन जात जा की,’ काकू म्हणाली. ‘एवढा बोजा कशाला पाठीवर.’

गीताक्का सांगते, बुडबुडे नसले की समुद्र आपल्याला विसरतो. मासे अंगाजवळून जातात. एखादं कासव येऊन तोंडाकडं बघतं आणि त्याच्या वाटेनं निघून जातं. आपण पाहुणे आहोत हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

पण या यंत्राची एक खोड आहे. ते बिघडलं तर आरडाओरडा करेलच असं नाही. दाणे संपले तर डोकं दुखतं, धाप लागते. ते निदान कळतं. ऑक्सिजन कमी झाला तर मात्र काहीच दुखत नाही. उलट बरं वाटतं. हलकं वाटतं, मग झोप आल्यासारखं होतं, आणि पाण्यात झोप म्हणजे काय ते सांगायला नको. ऑक्सिजन मोजायला आत तीन सेन्सर असतात, मनगटावर पडदा असतो, धोका दिसला तर तो इशारा देतो. पण इशारा वाचणारं डोकंच आधी पेंगत असेल, तर त्या पडद्याचा उपयोग भिंतीवरच्या कॅलेंडरइतकाच. म्हणून जे काय बघायचं ते वर, कोरड्यात, उतरायच्या आधी. त्यासाठी गळ्यात प्लास्टिकचं कार्ड असतं. एकेक गोष्ट मोठ्यानं वाचायची, हात लावायचा, जोडीदारानं ‘हो’ म्हणायचं. मधे कुणी बोललं, लक्ष गेलं, तर पुन्हा पहिल्यापासून.

त्यांच्या पथकात हरिओम नावाचा मुलगा होता, अहमदपूरकडचा. गीताक्का सांगते, आमच्या सगळ्यांत तो चांगला होता. गेल्या वर्षी एका सकाळी बोटीवर तो असाच कार्ड घेऊन बसला होता. मधेच घरून फोन आला. जेवलास का, एवढंच विचारायला. घरचा फोन तो कधी टाळत नसे. दोन शब्द बोलला, हसला, फोन ठेवला, आणि जिथं राहिलं होतं असं वाटलं तिथून पुढं गेला. ऑक्सिजनच्या टाकीची चावी तपासायची मागं राहून गेली होती, बंद.

त्या दिवशी त्याच्या जोडीदारानंही ‘हो’ म्हटलं होतं. बाकी सगळं बरोबर होतं.

हरिओमची बातमी लातूरच्या पानावर आली. काकांनी ती वाचली, पेपर घडी करून कोनाड्यात ठेवला आणि गीताक्काला फोन लावला.

‘नोकरी सोड म्हनत न्हाई मी. पन ते मशीन घालून माझ्या डोळ्यादेखत एकदा उतर. आपल्या हिरीत. बघतो, मंग सांगतो.’

‘बघून काय सांगणार, बाबा?’

‘ते बघितल्यावर कळंल.’

तिला परवानगीची गरज नव्हती. कमावती होती, तिशीकडं झुकलेली होती. पण पाण्यात तिला सोडणारा माणूस तो होता. त्याचा नकार कंबरेला बांधून खाली जायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. काका ‘नको’ म्हणाले तर ती पुन्हा सहलीच्या लोकांना मासे दाखवेल, साध्या टाकीनं. रिब्रीदर पाठीवर घेणार नाही. हे तिनं मला पुढं गावी आल्यावर सांगितलं, तेव्हा हरभऱ्याचा डहाळा सोलत होती, आणि सोललेले दाणे न खाता ताटलीत ठेवत होती.

संधी लवकरच आली. नांदेडला गोदावरीच्या काठी शोध-बचावाचं काम करणाऱ्या मुलांसाठी एक शिबिर होतं. तिथं शिकवायला गीताक्का आणि आनंदराज पथकाची जीप घेऊन आले. सोबत दोन रिब्रीदर. शिबिर संपायला दोन दिवस होते, मधे रविवारची सुटी. शनिवारी संध्याकाळी जीप आमच्या दारात.

काकूनं आनंदराजकडं पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. ‘हा कोन?’

‘माझा जोडीदार, आई.’

काकूच्या हातातला तांब्या तिथंच थांबला.

‘पाण्यातला. एकट्यानं उतरायचं नसतं, म्हणून जोडीनं उतरतो.’

‘पान्यातलाच ना?’

‘पाण्यातलाच.’

‘बरं,’ काकू म्हणाली आणि त्याला पाणी दिलं; पण त्या ‘बरं’मध्ये अजून बरेच प्रश्न शिल्लक होते.

रविवारी सकाळी विहिरीवर यायचं निमंत्रण कुणी कुणाला दिलं नव्हतं, तरी निम्मं गाव आलं. पोरं दगडी कठड्यावर चिमण्यांसारखी बसली. धोंडाबाई, आमच्या गल्लीतली सगळ्यांत जुनी बाई, काठी टेकत आली आणि सावलीतली जागा मिळवून बसली. मल्लेश आला. मल्लेश गावातला पट्टीचा पोहणारा. कुणाची पाण्यातली मोटार सुटून तळाला गेली की तो दम धरून बुडी मारतो आणि दोर बांधून येतो. त्याला नुसतं बघायला आवडत नाही.

गीताक्कानं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं. ‘आम्ही दोघं खाली जाऊ. बुडबुडे येणार नाहीत. बुडबुडे नाहीत म्हणजे सगळं ठीक आहे. कुणी घाबरून उडी मारायची नाही. वरून कुणी ओढलं आणि तोंडातली नळी सुटली तर आत पाणी शिरेल.’

‘बुडबुडे न्हाईत मंजी ठीक?’ काका म्हणाले. आयुष्यभराचा हिशेब उलटा होत होता. ‘मंग जिवंत हायस ते कळायचं कसं?’

तिनं दोराचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. ‘दुसरं माझ्या कमरेला. तुम्ही एकदा ओढायचं. मी एकदा ओढेन. म्हणजे मी आहे.’

काकांनी दोर हाताला गुंडाळून घेतला, बैल धरावा तसा.

‘आन् तू न्हाई ओढलं तर?’ मल्लेशनं विचारलं. ‘तवा तरी उडी मारायची का, का तवाबी सूचना हायेत?’

‘तेव्हा आनंद आहे.’

‘आनंद मंजी हे?’ मल्लेशनं आनंदराजकडं बघितलं. ‘हे तर अजून बोललंबी न्हाई.’

‘बोललो तर चुकतं,’ आनंदराज म्हणाला. एवढंच बोलला.

दोघं पायरीवर समोरासमोर बसली. गीताक्कानं कार्ड हातात घेतलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. चावी उघडी. ‘हो.’ नळीला चीर नाही. ‘हो.’ आवाज सपाट, पाढे म्हणावे तसा. पोरांना गंमत वाटली, तीही दबक्या आवाजात ‘हो’ म्हणायला लागली.

एवढ्यात माझे वडील, रामकिशन, शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून आले. सगळे त्यांना आप्पा म्हणतात. ते काकांचे थोरले भाऊ. गावात त्यांना ओ न देणारा माणूस अजून जन्मायचा होता.

‘गीते, कवा आलीस गं? जेवलीबिवलीस का?’

गीताक्कानं उत्तर दिलं नाही. नुसता हात वर केला, पंजा उघडा.

कठड्यावरची पोरं एकमेकांकडं बघायला लागली. कुणीतरी हळूच म्हणालं, ‘शिकली म्हनून काय थोरल्या मानसाला हात दाखवावा?’ काकांची मान खाली गेली. दोर त्यांच्या हातात घट्ट झाला.

पण गीताक्काची नजर कार्डावरून उठली होती, आणि तेवढं पुरेसं होतं. तिनं सगळं खाली ठेवलं, उठली, पायऱ्या चढून आली आणि आप्पांच्या पाया पडली. ‘काल आले, आप्पा. जेवले. मी बरी आहे, काम बरं आहे. आता मी परत पहिल्यापासून सुरू करते. मधे कुणी बोलायचं नाही. बोलाल तर पुन्हा पहिल्यापासून. दुपार झाली तरी चालेल.’ मग घागरीतलं पाणी घेतलं, प्याली, जाऊन जागेवर बसली.

‘बरोबर हाय,’ धोंडाबाई सावलीतून म्हणाली. ‘टोकलं होतं तिला. बसली, पानी प्याली. आता निघंल.’

एवढं म्हटल्यावर सगळ्यांना ते एकदम कळलं. चुन्याचे दाणे आणि तीन सेन्सर यांतलं कुणाला काही कळलं नव्हतं. पण हे कळलं. आप्पांनी स्वतःच जीभ चावली. ‘मला काय ठावं, ती निघाली होती म्हनून,’ ते पुटपुटले. ‘बसलेली दिसली.’

दुसऱ्यांदा सुरू झालं. या वेळी पोरंही ‘हो’ म्हणत नव्हती. अर्ध्याच्या वर झालं असेल, इतक्यात केवळाकाकू शेतातल्या चुलीवरचा चहा घेऊन आली. तिनं मागचं काहीच ऐकलं नव्हतं. पदरात धरलेली किटली सावरत तिनं वरून विचारलं, ‘गीता, चहा घेतीस का आधी, का नंतर?’

‘केवळे,’ धोंडाबाईनं काठी आपटली. ‘तोंड मीट.’

गीताक्का आईकडं बघत राहिली. आनंदराजनं मान वळवली आणि उगाच समोरच्या दगडातल्या पिंपळाच्या रोपाकडं बघितलं. त्या दोघांच्या मनात तेव्हा कोण आलं, ते मला ठाऊक होतं. काकूला ठाऊक नव्हतं. ती बिचारी किटली घेऊन उभी.

‘आधीच दे,’ गीताक्का म्हणाली. ‘सगळ्यांनाच दे. पिऊ, आणि मग पहिल्यापासून.’

चहा झाला. मल्लेशनं हळूच म्हटलं, ‘आमी एवढ्यात दोन मोटारी काढल्या असत्या.’ त्याच्या शेजाऱ्यानं त्याला कोपर मारलं.

तिसऱ्या वेळी विहीर इतकी गप्प झाली की दगडाच्या फटीतून पाझरणारं पाणी ऐकू यायला लागलं. एका बाईनं बकरीचं तोंड धरून ठेवलं. कार्ड शेवटापर्यंत गेलं. मग शेवटची पायरी: नळी तोंडात, नाक बंद, आणि पाण्यात न जाता पाच मिनिटं त्याच यंत्रातून श्वास घेत बसायचं, मनगटावरच्या पडद्याकडं बघत. दोघं समोरासमोर बसून श्वास घेऊ लागली. ना बुडबुडा, ना आवाज. उन्हाचा एक चौकोन पाण्यावरून हळूहळू पायरीकडं येत होता.

गीताक्कानं हात पुढं करून आनंदराजला पडदा दाखवला. त्यानं बघितलं. पुन्हा बघितलं.

तीन सेन्सरपैकी दोन एकच आकडा सांगत होते. तिसरा मागं रेंगाळत होता. फार नाही. नांदेडला तिन्ही बरोबर चालले होते. प्रवासात काही झालं असेल, नाहीतर त्याचं वय झालं असेल. जादाचा सेन्सर शिबिराच्या पेटीत, नांदेडला.

तिनं नळी तोंडातून काढली, बंद केली आणि पाण्याकडं बघितलं. ते पाणी तिचं पाठ होतं. कुठं दगड पुढं आला आहे, कुठं झरा थंड लागतो, तळाला कुठल्या कोपऱ्यात जुन्या घागरीचे तुकडे आहेत. दोन सेन्सर बरोबर होते. जोडीदार समोर होता. काठावर निम्मं गाव होतं, आणि ज्या माणसाला दाखवायचं तो दोर धरून उभा होता. पुन्हा अशी सुटी कधी मिळेल, सांगता येत नव्हतं.

‘आज नाही,’ ती म्हणाली.

आधी कुणाला कळलंच नाही. ती पाठीवरचे पट्टे सोडायला लागली तेव्हा कळलं.

‘मंजी?’ मल्लेश उभा राहिला. ‘झालं? एवढं लेऊन बसलीस, पाय तरी भिजवायचे.’

‘एक सेन्सर नीट बोलत नाही.’

‘दोन बोलतात ना?’

‘दोन बोलतात.’

‘मंग ह्याचं मशीन घाल की.’ त्यानं आनंदराजकडं बोट दाखवलं.

‘मग हा काय घालणार? एकट्यानं उतरायचं नाही.’

‘अगं, ही आपलीच हीर हाय. हितं तर तू गणवेशात उडी मारलीस.’

‘तेव्हा काही बिघडायला पाठीवर नव्हतं, मल्लेशदादा.’

पोरांनी कठड्यावरून उड्या टाकल्या, जमिनीवरच्या, आणि हिरमुसून निघाली. आप्पा म्हणाले, ‘घाबरली असंल पोर. हरिओमचं झाल्यापासून.’ हे त्यांनी चांगल्या मनानं म्हटलं, पण मोठ्यानं म्हटलं. गीताक्कानं ते ऐकलं आणि टाकीची चावी बंद केली, मग कार्डावर बघून पुन्हा तपासली.

काका पायऱ्या उतरून खाली आले. दोराचं टोक अजून हाताला गुंडाळलेलंच होतं. दुसरं टोक पायरीवर मोकळं पडलं होतं, कुणाच्याच कमरेला नाही.

‘किती बिघडलंय?’ त्यांनी विचारलं.

‘थोडं. बहुतेक चाललं असतं.’

‘बहुतेक.’

‘हो.’

काका दोर गुंडाळत राहिले. बराच वेळ लावला. मग तो खांद्यावर टाकून घराकडं निघून गेले, आणि काहीच सांगितलं नाही.

जेवताना त्यांनी आनंदराजला दोनदा आग्रह करून भाकरी वाढली, गोदावरीला पाणी किती आहे ते विचारलं, हरभऱ्यावर पडलेल्या अळीबद्दल बोलले. गीताक्काकडं बघून काही नाही. तिनं मला हळूच म्हटलं, ‘हरले बहुतेक.’ मग स्वतःच्याच शब्दावर थांबली आणि हसली. ‘बहुतेक.’

काकूला तिची घालमेल दिसत होती. तिनं भांडी घासता घासता नवऱ्याला ऐकू जाईल असं म्हटलं, ‘काही मानसं तुरीला भाव सांगायलाबी आठवडा लावतेत.’ काकांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

सोमवारी सकाळी नांदेडला परत जायचं होतं. निघायच्या आधी काकांनी सगळ्यांना बजावून ठेवलं. ‘काय विचारायचं ते आत्ताच विचारा. गाडी हलली की कुनी टोकायचं न्हाई. बायकांनी तर मुळीच न्हाई.’ काकूनं डहाळ्याची पेंढी, शेंगदाण्याची चटणी आणि आनंदराजच्या आईसाठी म्हणून ज्वारीच्या पिठाची पिशवी जीपमध्ये ठेवली. ही शेवटची पिशवी कुणाला आधी सांगितलेली नव्हती. आनंदराजनं ती बघितली, काकूकडं बघितलं आणि उशिरा का होईना, हसला.

गीताक्का सगळ्यांच्या पाया पडली. काकांजवळ थोडी जास्त थांबली. त्यांनी डोक्यावर हात ठेवला, काढला. ती जीपमध्ये बसली. आनंदराजनं गाडी सुरू केली. चाकं हलली, धूळ उठली, जीप लिंबाच्या झाडाजवळ पोचली.

‘गीते, थांब जरा!’

सगळ्यांनी वळून बघितलं. काका रस्त्याच्या मधोमध उभे होते, एक हात वर करून.

‘त्यो नवा सेन्सर बसवल्यावर,’ ते ओरडले, ‘तिन्हीनं एकच सांगायला पायजे, का दोघांचं चालतंय?’

जीप थांबली. धोंडाबाईला आधी कळलं. तिचं हसू काठीपर्यंत पोचलं, काठी हलायला लागली. ‘शेषेराव,’ ती म्हणाली, ‘तू टोकलास रं पोरीला.’

काकांनी कानाला हात लावला. त्यांचा चेहरा बघून केवळाकाकूनं पदर तोंडात धरला, पण खांदे हलायचे थांबेनात.

गीताक्का खाली उतरली. दारात चपला काढल्या, ओसरीवर येऊन बसली. काकू तांब्या घेऊन आली. ती पाणी प्याली, सावकाश. काका येऊन तिच्या शेजारी बसले, जरा अंतर ठेवून, जसे विहिरीच्या काठावर बसत.

‘तिन्हीनं, बाबा. तिन्हीनं एकच सांगायला पाहिजे.’

‘मंग तिन्हीनं सांगितल्याबिगर उतरायचं न्हाई.’

‘नाही उतरणार.’

‘मानसं हसली तरी.’

‘काल हसलीच की.’

‘हाव,’ काका म्हणाले. ‘मी बघत होतो.’ ते जरा जवळ सरकले. ‘आन् मधीच कुनी टोकलं तर?’

‘पहिल्यापासून.’

‘मी टोकलं तरी.’

‘तुम्ही टोकलं तरी.’

काकांनी मान हलवली. पाण्यावर बुडबुडे दिसले की हलवत, अगदी तशी, हलकेच. मग तिच्या हातातला तांब्या घेऊन उरलेलं पाणी स्वतः प्याले आणि म्हणाले, ‘ये आता. सुट्टी मिळंल तवा मशीन घेऊन ये. माझं बघायचं राहिलंय.’

जीप दुसऱ्यांदा निघाली. या वेळी गल्लीतलं कुणी हूं की चूं केलं नाही. वेशीजवळ मल्लेश सायकलवर चारा घेऊन येत होता. जीप बघून त्याला काहीतरी विचारायचं होतं, ते त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. त्यानं सायकल बाजूला घेतली, पाय टेकला, दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, आणि जीप नजरेआड होईपर्यंत तसाच उभा राहिला. चाऱ्याचा भारा मागच्या मागं सुटून रस्त्यावर पडला, तरी.